बंदुकीला मी जोडलेली लढाई

माझा मेहुणा मला कधीच आवडला नाही, हे आधी लिहून टाकतो. ताई नर्स म्हणून अमेरिकेला गेली आणि तिथल्या डोंगराळ भागात ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या एका गोऱ्याशी लग्न करून बसली. बदलापूर गावातल्या आमच्या भावकीला ते पचायला बरीच वर्षं लागली. मला अजून पचलेलं नाही. तोंडावर मी त्याला दाजी म्हणतो. तो पाय पसरून बसतो, कमी बोलतो, मराठी बोलत नाही पण समजतं सगळं, आणि आपल्याकडे बघताना आपली किंमत करतोय असं वाटत राहतं.

मागच्या विधानसभेच्या आधी दसऱ्याला तिघंही आले. ताई, तो आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. ताईने आल्या दिवशीच मला गच्चीवर नेलं.

"पोराच्या डोक्यात सैन्य बसलंय. अठरा पूर्ण झाले की आमची सही पण लागणार नाही. तुझं ऐकतो तो. त्याला सांग, नको म्हणून."

"दाजी नाही सांगत?"

"त्यांच्यात असं सांगायची पद्धत नाही. सासरे सैन्यात गेले, त्यांचे वडील गेले, हे गेले ते एक कान घालवून आले. वरून म्हणे, पोराने ठरवलंय तर ठरवलंय."

"सांगतो," मी म्हटलं. ताई माझ्यापेक्षा मोठी. तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे कोयते, विळे, पहार, गाडीची किल्ली, आणि मधोमध आजोबांची बंदूक. तिचा परवाना पीक राखायचा. भाताच्या दिवसांत रानडुकरं उतरायची, तेव्हा आजोबा माचावर बसायचे. कात्रपला जिथे आमचं भात होतं तिथे आता सोसायट्या आहेत. डुकरंही गेली आणि भातही. बंदूक मात्र दर वर्षी झेंडूची माळ घालून मिरवते.

बायका आत स्वयंपाकात होत्या. ओटीवर भावकी जमलेली. दाजींनी बंदूक उचलली, कान लावावा तशी जवळ धरून घोडा चाचपला आणि परत ठेवली. मग मला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरातून लढाईवर कोण गेलं होतं?"

भाच्याने त्याचं मोडकंतोडकं मराठी केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चुलतभाऊ हसला. "आमच्यातला कोण जाणार? आम्ही बांधावरून भांडणारे."

त्या हसण्याने माझ्या अंगाची आग झाली. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर. जमीन विकून बांधलेल्या घरात राहतो. माझ्याच ओटीवर हा माणूस मला विचारतो, तुमच्यात कोण गेलं होतं. मी बंदूक उचलून भाच्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "या बंदुकीने तुझ्या पणजोबांनी घाटात गोऱ्या सोल्जरांना अडवलं होतं. हे रक्त तुझ्यात आहे. नुसतं बापाकडचंच नाही, मामाकडचं पण."

 भावकीतल्या म्हाताऱ्यांना खरं माहीत होतं, पण पाहुण्यासमोर घरच्या माणसाला खोटं कोण पाडणार? एकाने तर "मंग! वाघ होता तो" म्हणून वर रंग चढवला. भाच्याच्या कपाळावर मी कुंकू लावलं. त्याचे डोळे मी विसरू शकत नाही. ज्या पोराला अडवायचं कबूल केलं होतं, त्याला मी ओवाळून पाठवलं.

दसरा झाला आणि लगेच आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायची असतात. चादरीत गुंडाळलेली बंदूक मागच्या सीटवर टाकून निघालो, तर दाजी न विचारता पुढे येऊन बसले. ठाण्यात आमच्यासारखेच जमीनवाले बाकावर, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक गाठोडं.

"काय शेठ, तोफ आणली का?" एकाने विचारलं.

"तोफ घरी. ही पिल्लू," मी म्हटलं. सगळे हसले. दाजी सोडून.

"मत द्यायच्या आधी बंदूक सरकारकडे ठेवता?"

"निकाल लागला की परत देतात."

"आणि कोणी भांडत नाही?"

"कशासाठी भांडायचं?"

"आमच्याकडे असं नुसतं सुचवणारा माणूस शाळेच्या कमिटीवरही निवडून येणार नाही."

मला टोचायचंच होतं. "मग तुमच्याकडे मत कोणाला देतात? बंदूक वाटेल त्याला?"

त्यांनी बऱ्या कानाची बाजू माझ्याकडे केली. एवढं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. माझं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलपुरतं, पण तेही सावकाश बोलत होते.

"आम्ही मूळचे स्कॉटलंडचे. राजाने आम्हाला आयर्लंडच्या उत्तरेला नेऊन बसवलं, दुसऱ्यांच्या जमिनीवर. का, तर त्या दुसऱ्यांना रोखायला कुंपण म्हणून. तिथून समुद्र ओलांडला, तर अमेरिकेतही डोंगरात, पुन्हा दुसऱ्यांच्या जमिनीवर, पुन्हा कुंपण. स्कॉट-आयरिश म्हणतात आम्हाला. लढाई बरोबर की चूक, हे कुंपणाला कोणी विचारत नाही. आणि आमचे बाप आम्हाला हेच शिकवतात की विचारलं नाही यातच मान आहे."

"मग तुम्ही विचारा."

"मी ज्या लढाईत होतो ती कशाचीच नव्हती. हे मला तिथेच कळलं. घरी आलो आणि ज्याने आम्हाला तिथे पाठवलं होतं त्यालाच मत दिलं. कारण त्याच्यासमोरचा माणूस लढाई चूक म्हणताना आम्हाला अडाणी म्हणत होता."

"हे मुलाला सांगा."

"माझ्या बापाने सांगून पाहिलं होतं. दारू पिऊन, एकदाच. मी त्याला भित्रा म्हणालो." ते चादरीकडे बघत होते. "आईचं तो ऐकत नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही. ती म्हणाली, मामाचं ऐकतो. म्हणून मी आलो. सण बघायला नाही."

मी चादरीची गाठ पुन्हा आवळली.

"ती बंदूक मी हातात घेतली होती. ती माणसांवर चालवायची बंदूक नाही. आज घरी गेलो की त्याला खरं सांग."

"बघू," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. कारण साधं आहे आणि लाज वाटावी असं आहे: सांगणारा तो होता. त्याच्या सांगण्यावरून माझ्याच घरात मी खोटा ठरायचा, हे मला जमणार नव्हतं. भाचा कुठे जातो यापेक्षा मी कसा दिसतो हे मला मोठं वाटलं.

त्याच आठवड्यात भावकी देवळात बसली. आमच्यात मत असं ठरतं. मधे नारळ, त्यावर एकेकाने हात ठेवायचा, आणि मग त्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. आमचा उमेदवार टँकरवाल्यांचा माणूस होता. आमच्याच नळाला पाणी का येत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. तरी सगळ्यांनी हात ठेवला, मीही. भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता.

"मामा, तो चांगला आहे?"

"आपला आहे."

"डॅड पण असंच बोलतो," तो खूश होऊन म्हणाला.

परत गेल्यावर अठरा पूर्ण होताच त्याने सही केली. ताईने नवऱ्याशी बोलणं टाकलं. फोनवर मला सांगायची, "यांनीच भरवलं त्याच्या डोक्यात. यांचं ते खानदान." मी "हं" म्हणायचो. दाजींनी माझं नाव घेतलं नाही. त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा. मी मागितलं नव्हतं, तरी तो माझ्यावर उपकार करत होता.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. वर्दीतला भाच्याचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲपवर फिरला होता, तो आमच्या या वेळच्या उमेदवाराने उचलला आणि नाक्यावर बॅनर लावला. एका बाजूला हात जोडलेला तो, दुसऱ्या बाजूला वर्दीतलं पोर, मधे आजोबांची बंदूक. खाली, 'घाटात गोऱ्यांना रोखणाऱ्या शूरांच्या गावचा भाचा'. भावकीतली पोरं त्याच्याखाली सेल्फी काढत होती. कोणीतरी तो बॅनर ताईला पाठवला.

तिचा फोन आला तेव्हा मी नाक्यावरच होतो.

"कुठला घाट रे?"

मी वर बॅनरकडे पाहिलं.

"माचावर आजोबांची भाकरी मी घेऊन जायचे. डुकराशिवाय त्यांनी कशावर गोळी झाडली? बोल ना. हे माझ्या पोराला कोणी सांगितलं?"

भावकीवर ढकलता आलं असतं. मेलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचं नाव घेता आलं असतं.

"मी," म्हटलं. आणि सगळं सांगितलं: ओटी, कुंकू, ठाण्यातलं बोलणं, माझं 'बघू'.

 मग तिने पलीकडे नवऱ्याला हाक मारल्याचं ऐकू आलं, कित्येक महिन्यांनी मारलेली असावी तशी, अवघडलेली. दाजी फोनवर आले.

"मी तिला सांगितलं," मी म्हटलं.

"ऐकलं."

"तुमच्यावर उगाच—"

"पुढच्या आठवड्यात त्याला देशाबाहेर पाठवतायत. कुठे ते सांगत नाहीत. तू हे दसऱ्याला सांगायला हवं होतंस. आता सांगितलंस ते तुला बरं वाटावं म्हणून."

मला त्या माणसाचा तेव्हाही रागच आला. पण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

ताईने फोन परत घेतला. "बॅनर उतरव," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मी उमेदवाराच्या ऑफिसात गेलो. तो भाच्याचं कौतुक करत उठला, चहा सांगितला. मी सांगितलं, ती डुकरांची बंदूक आहे, लढाई झालीच नाही, मी बनवली. तिथे बसलेल्या भावकीतल्या कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

"काका, आता कशाला?" तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगा खरोखरच गेलाय ना लढायला?"

मतदान होईपर्यंत बॅनर तिथेच राहिला. नारळावर हात ठेवायला मला कोणी बोलावलं नाही.