मिनिननं मेव्हण्याची पेनल्टी अडवली

मिनिन रिबेलो गोलकीपर झाला तो आळसापायी. कुडतरीत भातकापणी झाली की मोकळ्या शेतात फुटबॉल सुरू व्हायचा आणि हा सगळ्यांच्या शेवटी पोचायचा. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला गोल. तिथं उभं राहता राहता त्याला गोडी लागली. पुढं वास्कोच्या एका क्लबनं त्याला पगारावर घेतलं, तेव्हा ‘खेळून कुणाचं पोट भरतं?’ म्हणणारे गावकरी गप्प झाले.

त्याच सुमारास बाणावलीच्या एस्पेरांसाशी त्याचं लग्न ठरलं. तिचा भाऊ बातिश्त बाणावलीच्या संघात गोल मारणारा गडी. दर रविवारी मिनिन तिकडं जेवायला जायचा. होणारी सासू, रेजिना माय, त्याच्या ताटात इसवण माशाची सगळ्यात जाड तुकडी वाढायची. मग माडांखाली बातिश्त चेंडू मारायचा, मिनिन अडवायचा.

आणि नेमके हेच दोन संघ त्या वर्षी अंतिम सामन्यात समोरासमोर आले. वास्को एका गोलनं पुढं, वेळ संपत आलेली, अन् बाणावलीला पेनल्टी मिळाली. बातिश्तनं चेंडू ठेवला. मिनिनकडं त्यानं पाहिलंच नाही. घाबरला की हा डावीकडं मारतो, हे मिनिनला पक्कं ठाऊक होतं. क्षणभर त्याच्या मनात आलं, जाऊ दे एक. पण चेंडू सुटला आणि अंग आपसूक झेपावलं.

रविवारी तो बाणावलीला गेला, तर माय दारातच बसलेली.

“कशाला आलास? माझ्या हातचं खाऊन माझ्याच पोराला रडवलंस! जा, पोरगी देत नाही.”

“माय, लग्न माझं आहे, बाणावलीचं नाही!” एस्पेरांसा आतून ओरडली.

“तू गप गे!”

सुजल्या डोळ्यांनी बातिश्त बाहेर आला. “माय, यानं मुद्दाम सोडला असता ना, तर मीच बहीण दिली नसती.”

लग्न झालं. माय मात्र वर्षभर जावयाशी बोलली नाही. वाढायची, पण शेपटीकडची तुकडी.

खांदा निखळेपर्यंत मिनिन खेळला. नंतर घरात सैरभैर फिरू लागला, उगीच जुने बूट पुसत बसायचा. शेवटी एस्पेरांसानं त्याला गावातल्या मुलींच्या संघाकडं पिटाळलं. गोलकीपरनं ओरडायला लाजायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. आता त्या पोरी अशा ओरडतात, की पाद्रीबाबांचा निरोप येतो, प्रार्थनेच्या वेळी तरी जरा हळू.

रेजिना माय अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला उचलून रोज उन्हात आणून बसवायचा तो मिनिनच. बोटं सगळी वाकडी झालेली, पण पकड तीच. एकदा त्याच्या मानेला धरून ती म्हणाली, “त्या दिवशी माझ्या पोराचा एक सोडायचा होतास, पुता.”

“सोडला असता तर?”

म्हातारीनं त्याची मान सोडली.

“तर हा बातिश्त जन्मभर फुशारक्या मारत बसला असता,” ती म्हणाली, आणि तिनं चहा मागितला.