मेश्राम मॅडमची मुलगी

"कामाला होती म्हणे! माझी माय तुमच्या घरी कामाला होती?"

"हळू बोल ना सुजाता. काच खाली आहे."

"राहू दे खाली. ऐकू दे अख्ख्या बोटीला. कोणत्या घरी गं? त्या दोन खोल्यांत? तुझी आई दिवसभर शिलाई मशीनवर बसायची, तिनं कधी कोणाला कामाला ठेवलं?"

"तोंडातून निघून गेलं."

"निघून नाही गेलं. काढलं तू."

उपासनानं इंजिन बंद केलेल्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. फेरीबोटीच्या खालच्या डेकवर जेमतेम सहा गाड्या होत्या आणि उघड्या टोकातून पाऊस थेट आत येत होता. नोव्हेंबरात सिअ‍ॅटलजवळच्या सान हुआन बेटांवर यायची आयडिया उर्वीची. "ऑफ सीझनला गर्दी नसते गं." गर्दी नव्हतीच. अर्धी हॉटेलं बंद, देवमासे दाखवणाऱ्या बोटी बंद, पाऊस तेवढा कामावर हजर. दोन बेटं झाली होती, आता तिसरं.

नेपरव्हिलची उर्वी, क्युपर्टिनोची मृणालिनी आणि अर्विंगची उपासना टेक्सासला एमएस करताना एका घरात राहायच्या. तेव्हापासून दर वर्षी एक ट्रिप ठरलेली. यंदा उपासनानं सुजातालाही बोलावलं. ती नागपूरची, शाळेपासूनची मैत्रीण, नुकतीच नोकरीसाठी सिअ‍ॅटलला आलेली. बोलावताना फार आनंदानं बोलावलं होतं. मागाहून ते बोलावणं परत घ्यावंसं वाटलं.

कारण उपासना पाटीलनं या दोघींपाशी आठ वर्षं एक खोटं जपलं होतं. अमेरिकेतल्या पहिल्याच गणपतीत मृणालिनीच्या आईनं व्हिडिओ कॉलवर प्रेमानं विचारलं, "पाटील म्हणजे कुठले गं तुम्ही? कुलदैवत कोणतं?" उपासना घाबरली आणि जिभेवर आलं ते बोलली, "कोल्हापूरची अंबाबाई." बस. त्या काकू पुण्याहून दर वर्षी कोल्हापूरला जात, उपासनाच्या नावानं ओटी भरत आणि कुंकवाची पुडी मृणालिनीबरोबर पाठवत. सात पुड्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. लावता येत नव्हत्या, टाकवत नव्हत्या. हॉलमधली बुद्धमूर्ती पाहुण्यांना शोभेची वाटायची. बाबासाहेबांचा फोटो मात्र बेल वाजायच्या आधी कपाटात जायचा.

काल भाड्याच्या घरात जेवताना उर्वीनं सहज विचारलं, "तुमची दोघींची ओळख कुठली?"

"आमच्या वस्तीतल्या विहारात..." सुजातानं सुरुवात केली, आणि उपासनानं तिचं वाक्य मधेच तोडलं. "हिची आई आमच्याकडे कामाला यायची. लहानपणापासून बघतेय मी हिला."

मग मृणालिनी हळव्या आवाजात म्हणाली, "किती छान ना! कुठून कुठे पोचलीस तू."

जेवणानंतर सुजाता आपली प्लेट घेऊन सिंककडे गेली. उर्वीनं आपली प्लेट तिच्याशेजारी ठेवली. मृणालिनीनं ठेवली. उपासनानंही ठेवली. आदल्या रात्री भांडी कुणी घासायची यावरून तिघींत केवढी बाचाबाची झाली होती! काल झाली नाही. सुजातानं सगळी घासली.

"काल का गप्प बसलीस मग?" उपासनानं स्टिअरिंगकडे बघतच विचारलं.

"तू मान खाली घातली होती. वाटलं, सकाळी स्वतःच सांगशील. आता बोट लागायच्या आत वर जा आणि सांग. नाही तर मी सांगते."

वरच्या डेकवर खिडकीशी उर्वी आणि मृणालिनी बसल्या होत्या. टेबलावर आधीच्या प्रवाशांनी अर्धवट सोडलेलं जिगसॉ पझल होतं.

"आलीस? हा तुकडा कुठे बसतो सांग," मृणालिनी म्हणाली. "नुसतं आभाळच आहे यार सगळं."

"मृणाल, आमचं कुलदैवत अंबाबाई नाही. आम्ही बौद्ध आहोत. नागपूरचे."

उर्वी घाईघाईनं हसली. "मग त्यात काय! आपण कधी मानलंय का असलं काही?"

मृणालिनी हसली नाही. "आई दर वर्षी तुझी ओटी भरते, उपासना." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"माहीत आहे."

"अच्छा," उर्वीनं सावरून घेतलं, "म्हणजे सुजाताची आई तुमच्यातलीच. म्हणून कामाला..."

पळवाट उर्वीनं आयती काढून दिली होती. निम्मं खरं तर सांगून झालं होतं. उपासनाला थांबावंसं वाटलं, मनापासून वाटलं. मग जिन्याच्या तोंडाशी उभी सुजाता दिसली.

"कामाला नव्हती ती. मेश्राम मॅडम. आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. नववी-दहावीची दोन वर्षं पहाटे पाचला मला त्यांच्या घरी बसवायच्या, हिच्याच टेबलावर. स्कॉलरशिपचा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरला. तुम्हाला माझं कळू नये म्हणून मी त्यांना मोलकरीण केलं."

"आणि काल आपण सगळ्या प्लेट्स..." उर्वी पुटपुटली.

मृणालिनी उठली. "सुजाता, सॉरी गं. खरंच आम्हाला माहीत नव्हतं."

"कामवालीची पोरगी होती तोवर सॉरी नाही वाटलं," सुजाता म्हणाली. "आता काहून वाटून राहिलं?"

स्पीकरवर घोषणा झाली, लोपेझ बेटाचा धक्का आला. गाडीवाल्यांनी गाडीत बसावं, पायी उतरणाऱ्यांनी पुढे यावं. सुजातानं सॅक खांद्याला लावली. इथून परत जायची बोट दुपारी होती, तिनं सकाळीच बघून ठेवलं होतं.

उपासना तिच्यामागे जिना धावत उतरली. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं नाही. वर दोघींसमोर खरं बोलताना तिला एकच चेहरा दिसत होता. चष्मा नाकावर घसरलेला, बोटांना खडू, दर रविवारी फोनवर "जेवली का बेटा?" विचारणारा.

"सुजाता, थांब. ऐक ना."

सुजाता थांबली. मागे वळलीसुद्धा.

माफ कर म्हणायचं होतं. ते शब्द ओठांवर होतेही. पण बाहेर आलं ते दुसरंच.

"मॅडमला नको सांगू हं. प्लीज."

सुजातानं तिच्याकडे नीट बघितलं. मग रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली, आणि ती उतारावरून पावसात चालत गेली.