हातातली कलेजी

आज बोकड सोलला आणि गरम कलेजी हातात आली. जन्मभर तुकडे केले, आजच सुरी थांबली. इतकी पोटं फाडली, पण समोरचं जनावर कुणाचं तरी पोर होतं, हे कधी मनात आलं नाही.

माझ्या लिव्हरला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, नुसती गाठ कापून भागणार नाही, लिव्हरच बदलावं लागेल.

काल लेक दुकानात येऊन म्हणाली, "अप्पा, माझं अर्धं घ्या. परत वाढतं ते."

मी सत्तूर ओंडक्यात हाणला. "तुला फाडू देऊ? गप बस!"

"ओरडू नका. माझ्या ऑपरेशनच्या कागदावर सही मी करणार."

माझ्यावरच गेलीय. शेवटी डॉक्टरांना सांगून आलो, "आधी मला फाडा. रोग पसरलेला दिसला, तर तिला सुरी लावायची नाही. मला तसंच शिवून टाका."