फंज्याच्या वाटेवर माझ्यासाठी थांबलेला माणूस

ओमानमधल्या आमच्या सायकल क्लबात मी शेवटून पहिला. बाकीचे फंजा गावाला पोचून, तोंडबिंड धुऊन सावलीत बसलेले असतात, तेव्हा मी शेवटच्या चढावर धापा टाकत असतो. याचं कुणाला काही वाटत नाही, मलाही नाही. म्हणून त्या शुक्रवारी बौशरहून निघाल्यावर पहिल्याच चढाला आमचा एचआर मॅनेजर माझ्यासाठी थांबला, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली.

हा माणूस थांबणाऱ्यातला नाही. मूळचा सांगलीचा, माझ्याच वयाचा, माझ्याच कंपनीतला. पण सायकलवर बसला की ओळख विसरतो, तो थेट जेवतानाच दिसतो. आणि आज म्हणतो काय, "सावकाश मारा हो पेडल. मी आहे सोबत."

मी मुळात संशयी. बायको म्हणते, हा प्रसादाचा शिराही आधी वास घेऊन बघेल. पण या वेळी कारण होतं. ऑफिसात महिनाभर एकच विषय चालला होता: डिसेंबरअखेर काही माणसं कमी करणार. यादी तयार होत होती आणि ती हाच करत होता. माझी मुलगी बारावीत. माझी नोकरी गेली की माझा व्हिसा जाणार, त्यावर असलेल्या बायकोचा आणि मुलीचाही जाणार, आणि बोर्डाची परीक्षा तर फेब्रुवारीत. घरी मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. एकटाच कुढत होतो.

आणि हे असं गोड वागणं माझ्या ओळखीचं होतं. पूर्वी दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर होतो, तेव्हा साहेबाने एके दिवशी शेजारी बसवून बिर्याणी खाऊ घातली, घरच्यांची चौकशी केली, आणि बडीशेपेबरोबर नोकरी संपल्याचं पत्र हातात ठेवलं. तेव्हापासून कुणी विनाकारण चांगलं वागलं की मी आधी त्याच्या हातात पत्र आहे का ते बघतो.

अर्ध्या वाटेत माझं मागचं चाक बसलं. एरवी मी स्वतःच खटपट करतो आणि हात काळे करून घेतो. याने मला बाजूला उभं केलं, चाक काढलं, ट्यूब बदलली, वर हवाही भरली. मी नुसता हेल्मेट धरून उभा. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, वारा छान, आणि मला मात्र घाम फुटलेला.

"गावाकडचं घर झालं का बांधून?" त्याने चाक बसवता बसवता विचारलं.

"झालं. का हो?"

"सहज."

एचआरचा माणूस सहज काही विचारत नाही. मैलभर गेल्यावर म्हणाला, "मुलीचा अभ्यास कसा चाललाय? तिला वेगळी खोली आहे ना?"

"आहे."

"मोठी आहे?"

आता मात्र माझा रागच उफाळला. माझी नोकरी काढायची तर काढा, मुलीची खोली कसली मोजताय! पण नुसता पेडल मारत राहिलो आणि मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

आमच्या या दुपारच्या जेवणाला क्लबात 'पब लंच' म्हणतात. क्लब ज्या इंग्रज माणसाने काढला, त्याच्या देशात म्हणे थंडीत सायकली हाणत खेड्यातल्या पबात जेवायला जातात. तो परत गेला, नाव राहिलं. आमचा पब म्हणजे खजुराच्या बागेला लागून असलेलं साधं ओमानी हॉटेल. प्यायला मिळतं ते लबन, म्हणजे आपलं ताक. शुक्रवारची नमाज होईपर्यंत ते उघडतही नाही. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा सगळी मंडळी बाहेर सावलीत ताटकळत होती. आमची कॅप्टन, एक मल्याळी डॉक्टरीण, मला बघून ओरडली, "अरे वा! आज इतनी जल्दी?" याच्याशी बोलायचं टाळायला मी जोरात पेडल मारत आलो होतो, हे तिला काय सांगणार.

हॉटेल उघडलं. सतरंजीवर चौघाचौघांत एक मोठं ताट, भाताचा डोंगर आणि वर मटण. हा नेमका माझ्या शेजारी बसला. मटणाचा चांगला मोठा तुकडा सोडवून माझ्या बाजूला सरकवला. बळी द्यायच्या बोकडालाही आधी असंच खाऊ घालतात. मी भाताची शितं नुसती इकडून तिकडे करत राहिलो. समोरचे दोघं हात धुवायला उठले आणि माझा धीर सुटला.

"एकदा सरळ सांगून टाका," मी म्हणालो. "यादीत माझं नाव आहे ना?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमचं नाहीये हो. माझं आहे."

"म्हणजे?"

"सगळी लिस्ट मीच टाइप केली. शेवटचं नाव मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं. म्हणाले, हे पण टाक. टाकलं. खलास."

इथे मला खरं सांगायला हवं. मला त्याचं वाईट वाटलं, पण नंतर. आधी मला भूक लागली. कडकडून भूक लागली. मी भात ओढला, तो मोठा तुकडा खाल्ला, लबन गटागटा प्यायलो. तो बघत होता. माझं पोट भरेपर्यंत तो थांबला, सकाळी चढावर थांबला तसाच.

मग म्हणाला, "माझी धाकटी तुमच्या मुलीच्याच वर्गात आहे. आम्ही दोघं एकतीसला जातोय. तिच्यासाठी परीक्षेपुरता व्हिजिट व्हिसा मिळतोय, इन्शाल्ला. दोन-तीन महिने ती तुमच्याकडे राहिली तर?"

गावच्या घराचा खर्च संपला का, मुलीचा अभ्यास, खोली, सगळ्या प्रश्नांचा अर्थ आता लागला. आणि तरीही माझ्या तोंडून काय निघावं? "घरी विचारून सांगतो." जबाबदारी, परक्याची मुलगी, व्हिसाची भानगड, डोक्यात शंकांची रांगच लागली.

"हो, विचारा ना," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी बागेच्या कडेला जाऊन बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्यात विचारायचं काय? त्याची बायको गेल्या आठवड्यात रडत आली होती माझ्याकडे. मी तेव्हाच हो म्हटलंय. गादीसुद्धा आणून ठेवलीय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू नका म्हणाली होती. शिवाय तू शंका काढत बसला असतास."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. म्हणजे त्याला उत्तर ठाऊक होतं. जागा मागायला तो आलाच नव्हता. ज्या घरात मुलीला ठेवायचं, त्या घरातल्या बापाच्या तोंडून त्याला 'हो' ऐकायचं होतं. त्यासाठी माझ्या गतीने, माझं चाक दुरुस्त करत, तो इतक्या लांब आला होता. आणि मी म्हणालो, घरी विचारतो.

परतीसाठी पिकअप आली होती. तो त्यात सायकली बांधत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पाठवा मुलीला," मी म्हणालो. "खोली मोठी आहे."

त्याचे हात थांबले. "घरी विचारलंत?"

"छे. त्यात विचारायचं काय?"

वाक्य बायकोचं होतं. त्याने मान हलवली, डोळे पुसले आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा," एवढंच म्हणाला.

मुलगी आमच्याकडे राहिली, परीक्षा देऊन गेली. पण त्या दुपारी माझं खोटं त्याला पटलं, की पटल्यासारखं त्याने दाखवलं, ही शंका काही माझ्या मनातून जात नाही.