आईने बांधलेलं समारिया

"उद्यापर्यंत उभं राहिलं की ग्रँड. मग मुलं पाडणारच आहेत ते."

चर्चच्या हॉलमागच्या किचनमध्ये आमच्या घरमालकीणबाई कुणाशी तरी बोलत होत्या. मी कप विसळायला आले होते, ती दारातच थांबले. हॉलमध्ये आई समारियाच्या तटावरून ओलं बोट फिरवत होती. तिला इंग्रजी फारसं कळत नाही.

बाबा गेल्यावर आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडमध्ये, नास गावी आली होती. दिवसभर खिडकीशी बसायची. मी कामावरून आले की 'चहा टाकू?' एवढंच विचारायची. बाई दर रविवारी लहान मुलांचा बायबलचा वर्ग घेतात. त्या ऑक्टोबरात त्यांचा विषय होता जुन्या इस्राएलमधली तटबंदीची शहरं आणि राजधान्या. मुलांनी पुठ्ठ्याचं जेरुसलेम केलं, बुटांच्या खोक्यांचं लाखीश. समारिया तेवढं राहिलं होतं. तुझ्या आईला मातीकाम जमतं का, असं बाईंनी मला विचारलं.

"टेकडीवरची राजधानी? म्हणजे किल्लाच की," आई म्हणाली.

पुण्यात आमच्या सोसायटीतला दिवाळीचा किल्ला बाबा करायचे आणि आई त्यांना माती चाळून द्यायची. इथे तिने बाईंच्या बागेतली माती चाळली. ओम्री राजाने रिकामी टेकडी विकत घेऊन तिच्यावर राजधानी वसवली, त्याच्या मुलाच्या महालात हस्तिदंताचं काम होतं, असं बाई सांगायच्या आणि मी आईला मराठीत सांगायचे. पुढे अश्शूरच्या सैन्याने वेढा घातला आणि शहर पडलं, हे मात्र मी सांगितलं नाही. आईने एका फळीवर टेकडी रचून बुरूज केले, उतारावर हळीव पेरले, आणि ते रुजावेत म्हणून सगळी फळी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात नेऊन ठेवली. बाईंचे टॉवेल तिने बाहेर काढून ठेवले होते.

शेवटी तिने बॅगेतून बाबांचा रुमाल काढला. आत आमचे मातीचे महाराज होते.

"आई, तिकडचा राजा वेगळा होता गं."

"असू दे. राजधानी आहे ना? सिंहासन रिकामं ठेवू नये."

किचनच्या दारात ऐकलेलं मी तिला सांगितलं नाही. सांगायचं कसं, तेच कळेना.

रविवारी मुलं हर्लिंग या इथल्या खेळाच्या रुंद टोकाच्या काठ्या घेऊन आली. शहरं ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने पाडायची होती, म्हणून पहिला नंबर समारियाचा.

"वरती बसलाय तो युअर मॅन कोण?" एका मुलीने विचारलं. इकडे कुणाही बुवाला 'युअर मॅन'च म्हणतात.

"समारियाचा राजा असणार," बाई म्हणाल्या.

"दाढी भारी आहे त्याची!"

सगळे हसले. आईही हसली. मग तिला काठ्या दिसल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली, त्यातच तिला काय ते कळलं असावं. ती खुर्चीतून उठली नाही. फक्त बाबांचा रुमाल काढून तिने मांडीवर पसरला.

दिवाळी संपली की सोसायटीतली पोरं किल्ला उडवायला सुतळी बॉम्ब घेऊन यायची. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. पण आधी ते चप्पल काढायचे, हात जोडायचे, महाराजांना उतरवून याच रुमालात आईच्या हातात द्यायचे. मग म्हणायचे, "हां, आता होऊ द्या." तोवर एकही पोरगं पुढे यायचं नाही.

बाबा गेले तेव्हा मी विमानात होते. घरी पोचले तोवर त्यांना नेलं होतं. "ती येईपर्यंत थांबा," असं आई सगळ्यांना सांगत होती म्हणे. हे मला काकूने सांगितलं. आई आणि मी त्यावर कधी बोललो नाही.

बाईंनी हात वर केला. "रेडी?"

ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी माइक बंद ठेवून चॅटमध्ये लिहिते. भरल्या हॉलमध्ये मी कधीच काही बोलले नव्हते. एका मुलाने काठी उचलली.

"थांबा!" मी ओरडले, तेही मराठीत. सगळे वळून बघायला लागले. मग मी इंग्रजीत म्हणाले, "आधी राजाला उतरवायचं असतं. माझ्या आईच्या हातात द्यायचं असतं. ते होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं असतं."