डोळे रंगवणारी मावशी

माझी मावशी पडद्यांच्या कापडाच्या कारखान्यात नक्षी काढायची. इतकी वर्षं तिने गुलाब काढले, पण त्यातला एकही तिच्या मनातला नव्हता. खपेल तोच गुलाब काढायचा, असा साहेबांचा हुकूम. घरी आली की ती हात धुऊन गप्प बसायची.

आमच्या समोर शिंपीकाका राहायचे. मशीनची सुई तुटून उडाली आणि त्यांचा एक डोळा गेला. दवाखान्याने तयार कृत्रिम डोळा बसवला. तो काळाकुळकुळीत, आणि काकांचा स्वतःचा डोळा मधाच्या रंगाचा. काका घरातही काळा चष्मा लावू लागले. एवढा गप्पिष्ट माणूस, पण तोंडाला कुलूप.

मावशी उशांचे अभ्रे शिवायला द्यायला गेली, तेव्हा काका चष्मा पुसत होते. ती त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे टक लावून बघत राहिली. काकूंनी विचारलं, काय बघतेस गं? मावशी म्हणाली, "बुबुळाच्या कडेला राखाडी रेघ आहे, आत मोहरीएवढा पिवळा ठिपका. असं काही काढायला मला कधी मिळालंच नाही."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात डोळे बनवणाऱ्या कारागिराकडे गेली. तो भला माणूस. माप घेऊन डोळा घडवणं त्याला जमायचं, रंगाशी मात्र त्याचं वाकडं. त्याने तिला डोळ्यात बसतात तसल्या कोऱ्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्या दिल्या आणि म्हणाला, कर प्रयत्न. तिचा पहिला डोळा बाजारातल्या मासळीसारखा झाला, दुसरा दचकलेल्या घुबडासारखा. दोघं पोट धरधरून हसली. कारखाना सुटला की ती तिथे जाऊन बसायची. लाल रेशमाचे तंतू सुटे करून पांढऱ्यावर शिरा बसवायलाही शिकली.

शेवटी काकांचा डोळा जमला. तो बसवून काका घरी आले, चष्मा काढून काकूंसमोर उभे राहिले. काकूंनी दोन्ही डोळे निरखले, आपल्या डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आता भांडताना मी कुठल्या डोळ्यात बघायचं?" त्यावर काका जे बोलायला लागले, ते जेवणं उरकेपर्यंत थांबले नाहीत.

मावशीने कारखाना सोडायचं ठरवलं. माझ्या आईने तिला बजावलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. "ताई," मावशी म्हणाली, "गुलाब काय, कुणीही काढेल."

आता ती दवाखान्यातच खिडकीपाशी बसते. समोरच्या माणसाला बोलतं करते आणि बोलता बोलता त्याचा डोळा रंगांत उतरवून घेते. परवा एक नाचणारी मुलगी आली. तिला नव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, वरच्या पापणीआड झाकला जाईल असा, सोनेरी तारा हवा होता. मावशीने विचारलं, अगं, तो दिसणार कुणाला?

"मला ठाऊक असेल ना," मुलगी म्हणाली.

मावशीने तारा काढला. त्या दिवशी घरी आली ती सांगतच सुटली. हात धुवायचंही भान नव्हतं, बोटांवर सोनेरी रंग तसाच होता.