सत्तर पौंडांचं धनुष्य

माझा थोरला भाऊ अमेरिकेत जाऊन शिकारी झाला, ही बातमी आमच्या घरात त्याच्या नोकरीच्या बातमीपेक्षा मोठी ठरली. हा तोच माणूस, जो लहानपणी घरात कोंबडी कापायची म्हटलं की पळून बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठी जाऊन बसायचा आणि रस्सा उकळायला लागला की परत यायचा. तिकडे ऑफिसातल्या गोऱ्यांच्या नादाने तो दर थंडीत हरणं मारायला जाऊ लागला आणि फोटो पाठवू लागला. अंगात पानापानांचा सदरा, हातात मेलेल्या हरणाची शिंगं, तोंडभर हसू. आईने त्यातला एक फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला. निदान देवांच्या नजरेआड तरी लाव म्हटलं, तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी बायको-मुलांसह शहरात, मनवेलपाड्यातल्या एका इमारतीत राहत होतो. आईबाबा खाडीकाठच्या आमच्या गावात, थोडं भात, थोडी भाजी करून. दर रविवारी मी गावी जायचो. आईच्या गोळ्या, विजेचं बिल, गळकं छप्पर ही माझी कामं. दादाचं काम एकच, रविवारी सकाळी फोन करायचा. त्या फोनसाठी बाबा दाढी करून बसायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी दाढी केल्याचं आठवत नाही.

अशाच एका फोनवर दादा म्हणाला, "बाबा, पुढच्या थंडीत इकडे या. आपण दोघं एल्कच्या शिकारीला जाऊ. तुमच्यासाठी वेगळं धनुष्य घेतो, फक्त कुठलं ते ठरवा."

एल्क म्हणजे म्हशीएवढं सांबर. बाबांना त्यात काडीचाही रस नव्हता. दादा गेल्यापासून त्याचं घर त्यांनी पाहिलं नव्हतं आणि आजवर त्याने कधी बोलावलंही नव्हतं. ते मला म्हणाले, "धनुष्य काय नि झाडू काय, तो सांगंल ते धरीन. पोराचं घर बघायचंय मला." लगेच पासपोर्टच्या मागे लागले.

दादाने पोस्टाने जाडजूड कॅटलॉग धाडला. ही धनुष्यं रामलीलेतल्यासारखी नसतात. दोन्ही टोकांना चाकं, त्यावरून दोऱ्या. ओढताना जड लागतं, पण पुरतं ओढून झालं की वजन एकदम उतरतं आणि नेम धरून आरामात उभं राहता येतं. घेताना दोन गोष्टी ठरवायच्या. किती पौंडांचा जोर झेपतो आणि दोरी किती लांब ओढली जाते. पहिलं धनुष्य हलकंच घ्यावं, खुर्चीत बसून, हात आभाळाकडे न नेता ओढता आलं पाहिजे, हे दादानेच बजावलं होतं.

पण सल्ला द्यायला माझ्या इमारतीतले एक गृहस्थ टपलेले होते. केबलवर प्राण्यांचे कार्यक्रम बघून ते शिकारीतले तज्ज्ञ झाले होते. कोळंबीच्या वासावर माझ्याबरोबर गावी आले आणि जेवण झाल्यावरही उष्टा हात वाळेपर्यंत बोलत राहिले. "पन्नास पौंड म्हणजे एल्कला गुदगुल्या हो. सत्तर घ्या, सत्तर." स्वतःच्या घरचा गॅसचा सिलिंडर हा माणूस पायाने ढकलत न्यायचा. बाबांना मात्र त्यांचं पटलं. हलकं मागितलं तर म्हातारा थकला असं पोराला वाटेल आणि तो येऊ नका म्हणेल, ही त्यांची भीती. ठरलं, सत्तर.

मग माप. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजायचं आणि त्यावरून हिशेब. आता आमच्या घरात अंगाबरोबर बसणारी वस्तू कधी कोणी घेतलेली नाही. माझ्या शाळेच्या चड्ड्या पहिल्या वर्षी गुडघ्याखाली असायच्या, चपलेत मागे दोन बोटं मोकळी. आईने टेप धरला आणि आकडा सांगताना चांगला वाढवून सांगितला.

"अगं, बाबा आता कुठे वाढणार आहेत?" मी विचारलं.

"असू दे रे जरा मोठं. तोकडं पडलं तर परत कोन आननार?"

आमचे इंजिनियरसाहेब, म्हणजे दादा, फोनवर तो आकडा मुकाट्याने लिहून मोकळे झाले. बापाचे हात एवढे लांब केव्हा झाले, असा प्रश्न त्यांना पडला नाही. पडण्यासाठी बापाकडे कधी बघितलेलं असावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचा सराव सुरू झाला. विहिरीचा जुना रहाट होता, त्यावरून दोर घेऊन त्याला रेतीची बादली बांधली आणि एका अंगावर वळून उभे राहून ती ओढू लागले. आठवड्याला रेती वाढत गेली. खांद्याला चोळायला तेलाची बाटली मीच आणायची. मला भयंकर चीड यायची. माझ्या घरी यायचं म्हटलं की ह्या माणसाचे गुडघे दुखायचे, दोन जिने चढवत नसत.

नाताळच्या सुट्टीत दादा आला, लांबलचक काळी पेटी घेऊन. पडवीत ती उघडली. शेजारीपाजारी वाकून बघत होते. बाबा धनुष्याकडे बघत नव्हते, दादाकडे बघत होते.

"मग, कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, खरं सांगू? तिकडे बर्फ, डोंगर चढायचे, वर हे सत्तर पौंड ओढायचे. तुम्हाला झेपायचं नाही. हे ठेवा इथेच, मजेत सराव करा. तुमच्या भल्यासाठीच सांगतो."

सराव कशाचा? इथे साधा ससा मारला तरी वनखातं धरून नेतं. मी तोंड उघडणार, तोच बाबा उठले. धनुष्य उचललं, समोर धरलं आणि एका दमात मागे ओढलं. हात आभाळाकडे गेला नाही, कोणी हसलं नाही. आईच्या वाढीव मापामुळे दोरी गालाशी न थांबता कानामागे गेली होती, पण बाबा हलले नाहीत. तसेच उभे राहिले.

"सोडू नका," दादा घाबरून म्हणाला, "बाण नाहीये, मोडेल ते. हळूच आणा पुढे."

बाबांनी ते हळूच पुढे आणलं. चाकांनी खांद्याला हिसका दिलेला मला दिसला. दादाचं स्वतःचं धनुष्य पंचावन्न पौंडांचं होतं, हे त्यानेच मागे फोनवर सांगितलेलं.

"झेपतं मला," बाबा म्हणाले.

दादा पेटीचे खटके लावत, उघडत बसला. मग म्हणाला, "यंदा जमणार नाही, बाबा. हिचे आईवडील येतायत."

"व्याही पन शिकार करतात?" बाबांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"छे हो," दादा म्हणाला, "ते असेच येतायत. राहायला."